याच्यावाचून कुणाचं अडतं?

"सर, ह्याच्यावर काहीच डिपेंडंट नाहीये. उडवू का?"

एवढाच मेसेज. जेवून जागेवर आलो तर चॅटमध्ये येऊन पडलेला. आमच्या टीममध्ये नुकतीच रुजू झालेली मुलगी डेबियन या लिनक्सच्या एका वितरणावर चालणाऱ्या जुन्या सर्व्हरची साफसफाई करत होती. मशीन पुढच्या आवृत्तीवर न्यायचं होतं, आणि नेण्याआधी जेवढं सामान कमी होईल तेवढं बरं, हे मीच तिला सांगितलं होतं. मेसेजखाली तिनं पुरावाही जोडला होता. काळ्या पडद्यावर ॲप्ट आरडिपेंड्स ही कमांड (ॲप्ट म्हणजे डेबियनचा पॅकेज मॅनेजर, प्रोग्रामांची पॅकेजेस बसवणारा-काढणारा; आरडिपेंड्स म्हणजे या पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे ते सांग), पुढे 'इन्स्टॉल्ड'ची पुस्ती, म्हणजे फक्त या मशीनवर बसवलेल्यांतलेच सांग. खाली पॅकेजचं नाव, अँटीवर्ड. त्याखाली 'रिव्हर्स डिपेंड्स' असे शब्द. त्याखाली काही नाही, लुकलुकणारा कर्सर. काम चोख होतं, पुस्तकात सांगितलंय तसंच. तरी मी "थांब जरा" लिहून पाठवलं, आणि का थांबायचं हे लगेच काही सांगता येईना. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडायच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलानं सरकत असताना तो रिकामा पडदा डोक्यात घोळत राहिला.

अँटीवर्ड म्हणजे वर्डच्या जुन्या, डॉक पद्धतीच्या फाइलींतून निव्वळ मजकूर उपसून काढणारा एक चिमुकला प्रोग्राम. खिडकी नाही, बटणं नाहीत. फाइल द्या, अक्षरं घ्या. असली पॅकेजेस सर्व्हरवर कधी आली, कुणी आणली, हे कुणाला आठवत नाही. पण डेबियन एक गोष्ट लक्षात ठेवतं. कुठलं पॅकेज दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आलं आणि कुठलं माणसानं नाव घेऊन मागवलं, याची ते वेगळी खूण ठेवतं. ॲप्ट-मार्कला 'शोमॅन्युअल' विचारलं की मागवलेल्यांची यादी मिळते, आणि अँटीवर्ड त्या यादीत होतं. म्हणजे कधीतरी, कुणीतरी, की-बोर्डावर बसून ही आठ अक्षरं टाइप केली होती. कोणी, ते ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये 'रिक्वेस्टेड बाय' असं युजरच्या नावासकट लिहिलेलं असतं. पण ते लॉग ठराविक महिन्यांनी पुसले जातात. आमचे केव्हाच पुसले गेले होते.

त्या कमांडची गंमत अशी, की ती जी यादी दाखवते ती कुठल्याच पॅकेजनं लिहिलेली नसते. प्रत्येक डेब पॅकेजच्या पोटात कंट्रोल नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात 'डिपेंड्स' अशी ओळ असते, म्हणजे मला हे हे लागतंच. मग 'रेकमेंड्स', हे असलेलं बरं. मग 'सजेस्ट्स', जमलं तर. मी कुणाकुणाला लागतो, याला मात्र रकानाच नाही. 'एन्हान्सेस' नावाची एक ओळ असते, तिच्यात मी अमक्याला आणखी उपयोगी करतो असं पॅकेजला स्वतःविषयी म्हणता येतं. पण ते झालं स्वतःचं मत, समोरच्याची गरज नव्हे. तेव्हा अँटीवर्डला विचारून अँटीवर्डबद्दल काहीच कळत नाही. बाकीच्या झाडून सगळ्यांच्या फाइली उघडून, त्यांच्यात ह्याचं नाव येतं का हे बघावं लागतं. २०२३ साली आलेल्या बुकवर्म आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजेस होती. ॲप्ट त्या सगळ्यांच्या ओळी आधीच वाचून दोन्ही दिशांनी गाठी मारून ठेवतं, म्हणून उत्तर चुटकीसरशी येतं आणि आपल्याला वाटतं की हे कुठेतरी लिहिलेलंच होतं. इतर पॅकेज मॅनेजरांतही तेच: आर्च लिनक्सच्या पॅकमनमध्ये हे 'रिक्वायर्ड बाय' म्हणून दिसतं, फेडोरात 'व्हॉट रिक्वायर्स' विचारावं लागतं, होमब्रूत 'यूजेस', पायथनच्या पिपमध्ये 'शो' म्हटलं की अगदी तळाची ओळ. विचारायची तऱ्हा निराळी, पण बेरीज सगळीकडे इतरांच्या कबुलीजबाबांचीच.

ज्यांनी कबुली दिलेलीच नाही, ते या बेरजेत येत नाहीत.

माझं आजोळ वाईला. दगड-मातीच्या भिंतींचा, शेजारच्या घराला खेटून उभा असलेला वाडा. मी शाळेत असताना मामानं मागच्या पडवीची भिंत पाडून तिथे न्हाणीघर बांधायचं काढलं. भिंत आमची, याबद्दल वाद नव्हता. सिटी सर्व्हेचा उतारा होता, वाटणीपत्र होतं, कशातही दुसऱ्या कुणाचं नाव नाही. गवंड्यानं पहारेचे चार घाव घातले, पांढऱ्या मातीचा एक लोट उठला, आणि पलीकडच्या घरातून काकूंची किंकाळी आली. त्यांच्या माळ्यावरची पितळी भांडी धडाधड खाली आली होती. शेजारच्यांच्या तुळईचं टोक आमच्या भिंतीत एक वीतभर आत घुसून बसलेलं होतं. किती पिढ्यांपूर्वी कुणी कुणाला विचारून ते टेकवलं होतं, देव जाणे. काकूंनाही माहीत नव्हतं. त्यानंतर त्या गवंड्यानं जे केलं ते मला अजून स्वच्छ दिसतं. त्यानं पहार खाली ठेवली, पायातल्या वहाणा काढल्या, वळसा घालून शेजारच्यांच्या घरात गेला आणि त्यांच्या माजघरात मान वर करून उभा राहिला. एकेका तुळईवर बोट धरून ती कुठे जाते ते बघत. मग डाव्या घरात, मग मागच्या गल्लीतल्या घरात. आमच्या भिंतीकडे तो त्या दिवशी पुन्हा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "पॅकेज मॅनेजरला विचारून झालं ना, आता त्याच्या बाहेर विचारू. ग्रेप मार." म्हणजे फाइलींच्या आतल्या मजकुरात ते नाव शोध. ऑप्ट फोल्डर, यूएसआरमधलं लोकल, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या सगळ्या जागा, प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब. पॅकेज मॅनेजरचं राज्य जिथे संपतं आणि माणसांनी हातानं आणून ठेवलेलं सुरू होतं, अशा या जागा. दहा मिनिटांत तिचा मेसेज आला, या वेळी उद्गारचिन्हासकट. एक शेल स्क्रिप्ट सापडली होती. वरच्या ओळीत कॉमेंट: 'टेम्पररी, नंतर काढणे'. ती करायची एवढंच, की मध्यरात्रीनंतर एका फोल्डरमध्ये आलेल्या डॉक फाइली अँटीवर्डमधून काढायच्या, ऑक या कमांडनं रकमा वेचायच्या, बेरीज करायची आणि अकाउंट्सला मेल पाठवायची. त्या फोल्डरमध्ये कित्येक वर्षांत फाइल आलेली नव्हती. मेल मात्र दररोज जात होती. एकूण: शून्य.

मी अकाउंट्सच्या ताईंना फोन लावला. "ती रात्रीची बेरजेची मेल तुम्ही बघता का हो?"

"येते ना रोज. वाचायचं काय त्यात, शून्यच असतं. डिलीट करते."

"मग बंद केली तर चालेल?"

"अहो, नको नको! ती आली की मला कळतं ना, रात्री सर्व्हर चालू होता म्हणून. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मी सकाळी सकाळी तुमच्याच माणसांना फोन करते की."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ हसत बसलो. आमच्याकडे मॉनिटरिंगला पैसे भरून घेतलेली व्यवस्था आहे, भिंतीवर हिरव्या-तांबड्या आलेखांचा पडदा आहे, आणि त्या पडद्याच्या खोट्या अलार्मना कंटाळून आम्ही निम्मे अलार्म बंद करून ठेवलेत. ताईंचा अलार्म कधीच खोटा वाजला नव्हता. गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावानं एक नियम सांगितला जातो: वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही काय द्यायचं कबूल केलंय याला अर्थ उरत नाही, तुमच्या यंत्रणेचं जे जे म्हणून बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. नियम मी कित्येकदा लोकांना ऐकवलाय. पण एका रिकाम्या बेरजेच्या *येण्यावर* कुणी सकाळ सुरू करत असेल, हे काही मला सुचलं नसतं.

मुलगी हुशार. तिनं ईक्विव्ह्स नावाचं अवजार शोधून काढलं, जे आत काहीच नसलेलं, नुसत्या कंट्रोल फाइलीचं पॅकेज बनवून देतं. आमच्या घरगुती स्क्रिप्ट्सच्या नावानं तिनं असं एक पोकळ पॅकेज केलं आणि 'डिपेंड्स'समोर अँटीवर्ड लिहिलं. आता आरडिपेंड्स विचारलं की एक ओळ उमटते. मग तिनं मला विचारलं, "सर, ताईंना कुठल्या फील्डमध्ये टाकू?" चेष्टेत विचारलं, पण प्रश्न खरा होता. शेवटी आम्ही 'डिस्क्रिप्शन'मध्ये साध्या मराठीत लिहिलं, की ही मेल थांबवण्याआधी अकाउंट्सला फोन करणे. कुठलंही यंत्र ते वाचणार नाही. पुढचा माणूस वाचेल की नाही, तेही त्याच्या मर्जीवर.

कबुलीवर विश्वासच ठेवायचा नाही, असाही एक पंथ आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समध्ये सुरू केलेल्या निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये पॅकेज बांधून झालं की त्याचे बाइट्स चाळले जातात. प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यात ३२ अक्षरांचा एक हॅश, म्हणजे ओळखीचा ठसा असतो. दुसऱ्या कुणाचा तसला हॅश या बाइट्समध्ये कुठेही सापडला, की संबंध आहे असं धरलं जातं, तोंडानं कुणी काहीही म्हणो. मला ही पद्धत मनापासून आवडते, तिच्यात त्या गवंड्याचा हट्ट आहे. पण निक्सलासुद्धा त्याच्या स्टोअरच्या, म्हणजे स्वतःच्या कोठाराच्या, आतलंच दिसतं. घरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या स्क्रिप्टनं कुणाचं नाव घेतलं तर त्याला त्याचा पत्ता नसतो.

आणि कबुल्या सगळ्या खऱ्या असल्या, तरी त्या वाचण्याचा धीर लागतो. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या प्रकल्पातला चोरदरवाजा उघड केला तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच टाइप केला: एलआयबीएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडची लायब्ररी, कुणाकुणाला लागतं? यादी आली, तिच्यात खुद्द डीपीकेजी होतं, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्यालाच ते लागतं. पण जिच्यावरून गदारोळ चालला होता ती एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी, सर्व्हर काही थेट यादीत दिसेना. एसएसएचला मुळात आकुंचन-प्रसरणाच्या या लायब्ररीशी घेणंदेणं नाही. डेबियननं आणि आणखी काही वितरणांनी तिला एक ठिगळ लावलं होतं, 'मी उठले' एवढा निरोप सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्याला, देण्यासाठी. त्या ठिगळासाठी सिस्टमडीची लायब्ररी आली, आणि त्या लायब्ररीला स्वतःच्या कामासाठी एलझेडएमए हवं. दोन पायऱ्या. 'रिकर्स' लावून पायऱ्या मोजत गेलं तर यादी इतकी फुगते की तिच्यात जवळपास सगळंच येतं, आणि सगळंच आलेल्या यादीचा उपयोग शून्य. ज्यानं 'जिया टॅन' हे नाव घेऊन हा उद्योग केला, त्यानं मात्र ती यादी आमच्यापेक्षा नीट वाचलेली होती. त्यानं दोन पायऱ्यांवरचं नेमकं दार निवडलं. फ्रॉइंड यांच्या ते लक्षात आलं ते तरी कसं, तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून.

त्या प्रकरणात मला चटका लावून गेली ती वेगळी गोष्ट. एक्सझेड वर्षानुवर्षं एकटे लासे कोलिन सांभाळत होते. चोरदरवाज्याच्या दोन वर्षं आधी, पॅचेस का लवकर घेत नाही म्हणून लोक त्यांच्यामागे लागले होते, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात असू द्या. त्यांच्या लायब्ररीची उलटी यादी काढली तर पृथ्वीवरचे बहुतेक लिनक्स सर्व्हर निघतील. त्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं? मलाही नव्हतं. डेबियन मी रोज वापरतो.

कुणाला आपली गरज आहे हे कळणं सुखाचंच असतं असंही नाही. २२ मार्च २०१६ ला अझेर कोचुलू यांनी एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातली आपली अडीचशेवर मॉड्यूल्स एका झटक्यात मागे घेतली, त्यातल्या लेफ्ट-पॅडच्या अकरा ओळी नाहीशा झाल्यानं कितीतरी बिल्ड्स, म्हणजे प्रोग्राम बांधण्याची कामं, अडून काय हाहाकार माजला ते आमच्या धंद्यात सर्वांना पाठ आहे. मला त्यानंतरचं जास्त रंजक वाटतं. एनपीएमनं पुढे नियम केला: प्रकाशित करून ७२ तास उलटले असतील, तर पॅकेज मागे घेता येईल ते इतर कुणीही त्याच्यावर अवलंबून नसेल तरच, शिवाय डाउनलोड वगैरेच्या आणखी दोन अटी. म्हणजे उलटी यादी आता नुसती माहिती राहिली नाही, ती बेडी झाली. नियम मला पटतो. उद्या सकाळी बिल्ड चालायला हवं असणाऱ्यांत मीही आहे. तरीही कुणीतरी तुम्हाला न विचारता तुमचं नाव आपल्या फाइलीत लिहावं आणि त्या दिवसापासून तुमचा निघून जायचा हक्क संपावा, हे वाचताना घशात काहीतरी अडकतं. २०२४च्या सुरुवातीला तर कहर झाला. काही जणांनी गंमत म्हणून 'एव्हरीथिंग' नावाचं पॅकेज केलं, एनपीएमवरचं सगळं ज्याला लागतं असं. झालं! जगात कुणालाच आपलं पॅकेज काढता येईना, कारण प्रत्येकावर कुणीतरी अवलंबून होतं. एव्हरीथिंग. शेवटी एनपीएमला मध्ये पडावं लागलं.

निरोप द्यायचाच असेल तर डेबियननं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या जुन्या पिढीला, पायथन २ ला, दिला तसा द्यावा. मूळ कर्त्यांनी १ जानेवारी २०२० ला त्याचा आधार काढून घेतला. डेबियनमध्ये तोवर एकेका पॅकेजवर बग नोंदवून काम सुरू झालेलं होतं. ज्यांच्यावर कुणीच अवलंबून नाही अशी पानं आधी. ती गळली की त्यांच्या मागची डहाळी पान होते, मग ती. २०२१च्या बुल्सआय आवृत्तीत पायथन २ चालवणारा दुभाष्या अजून होताच, नुसता, आजूबाजूची बहुतेक मॉड्यूल्स गेलेली. जून २०२३च्या बुकवर्ममध्ये तोही नाही. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, याच्यावाचून कुणाचं अडतं, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. असल्या कामाचं कुणी कौतुक करत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही.

परवा घरी, ऑफिसातल्या त्या नव्या मुलीची लागण होऊन, मी माझ्याच लॅपटॉपवर हा खेळ सुरू केला. हा मजकूर मी आयबस या वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणाऱ्या प्रोग्राममधून टाइप करतो. त्याच्या पाठीमागे एम१७एन नावाचा संच आहे, जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत तयार झालेला. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, आयट्रान्स आहे. रफार, जोडाक्षरं, 'ऱ्या'मधला तो अर्धा र जागच्या जागी बसवते हार्फबझ ही लायब्ररी. मी एम१७एनची उलटी यादी काढली. दोन-चार लायब्रऱ्या आणि आयबसचं इंजिन, बस. मी त्या यादीत नाही. मराठीत लिहिणारं कुणीच नाही. यादीत फक्त पॅकेजेस येतात, आणि साखळीच्या टोकाला बसलेला माणूस कुणाच्याच कंट्रोल फाइलीत नसतो. तिकडे कुणाला एखाद्या दिवशी वाटलं, की मराठीचे हे तक्ते कोण वापरतंय, उडवू का, तर त्याच्याही पडद्यावर फारसं काही उमटणार नाही.

त्यासाठी डेबियनमध्ये पॉपकॉन आहे, पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट. तुम्ही होकार दिलात तर तुमचं मशीन दर आठवड्याला कळवतं, माझ्यावर अमुक अमुक पॅकेजेस आहेत. इन्स्टॉल करताना तो विचारतो आणि उत्तर आधीच 'नाही'वर असतं. मी आजवर प्रत्येक मशीनवर नुसतं एंटर मारत आलोय, खाजगीपणाचा मुद्दा आहेच. या वेळी 'हो' केलं. मग अहवाल उघडून पाहिला, तर माझ्या रोजच्या वापरातली कितीतरी पॅकेजेस 'ओल्ड' म्हणून दाखवलेली, म्हणजे बसवलंय पण हात लावत नाही. कारण सापडायला थोडा वेळ लागला. फाइल शेवटची कधी उघडली यावरून पॉपकॉन ठरवतो की ती वापरात आहे की नाही, आणि डिस्क लवकर झिजू नये म्हणून मी ती 'नोएटाइम'नं माउंट केलेली. उघडल्याची नोंद होतच नव्हती. एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्क कशा जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलीत, तिथे 'रीलेटाइम' केलंय. दिवसातून एकदा तरी नोंद होईल. डिस्क थोडी झिजली तर झिजली, नवी घेऊ.